पेवावर बसलेली बाई

“डब्याला हात कुणी लावला? माझ्या खाटंखालच्या डब्याला! किडं पडतील हातात, सांगून ठेवते!”

आवाज असा, की उमरग्याच्या चौकातल्या ट्रकवाल्यांनी ब्रेक दाबावेत. आमची थोरली जाऊ, गंगव्वाअक्का. वय नव्वदीपुढं, तोंडात एक दात नाही, कंबर विळ्यासारखी वाकलेली, पण घसा मात्र कालच नवा बसवल्यागत. मी तिला भेटायला गेले होते. खाटेखाली चार डबे होते: लाह्या, गूळ, मीठ, फुटाणे. त्यातल्या फुटाण्याच्या डब्याचं झाकण मी नुसतं उघडून बघितलं होतं. नुसतं बघितलं... बरं, एक मूठ तोंडातही टाकली. “शांते, तूच ती. तुझं चावणं म्या लांबनं वळखते,” म्हणाली. हेच आमचं शेवटचं बोलणं. त्यानंतर बाराव्या दिवशी निरोप आला, अक्का गेली.

मयतीला जमलेला गाव म्हणाला, ‘अन्नपूर्णा गेली.’ मी पदर तोंडाला लावून गप्प बसले. लोकांना वाटलं, रडतेय. आता महिना होत आला, तेव्हा सांगायला हरकत नाही. अन्नपूर्णा वाढते, ही बाई झाकायची. तिच्या हातून शिळा तुकडा सुटायचा तर ग्रहण लागावं लागायचं. मी तिच्याशी एका चुलीवर पंचवीस वर्षं भांडले, तेव्हा माझा शब्द गावापेक्षा वजनाचा धरावा.

मी या घरात आले ती निजामीत. लढाई कुठं तरी लांब मुलखात चालली होती, पण ज्वारी आमची जायची. सरकार लेव्ही म्हणून धान्य उचलायचं. वसुलीचा अंमलदार, गिरदावर, लोखंडी सळई घेऊन घरोघर जमिनीत खुपसत फिरायचा, कुणी पेव लपवलंय का ते हुडकायला. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणाच्या आकाराचा खड्डा. आत कडब्याचं अस्तर, तोंडावर शिळा, शिळेवर माती आणि शेण. त्यात ज्वारी सालोसाल टिकते. आमचं पेव गोठ्यात होतं, म्हशीच्या गव्हाणीखाली. गिरदावर आत शिरला की अक्का म्हशीच्या कानात काय पुटपुटायची कोण जाणे, म्हैस अशी लाथ झाडायची की एकदा त्याची टोपी म्हणे आळंदच्या बाजारात सापडली. पेव काही सापडलं नाही.

मग निजामीचं शेवटचं साल आलं आणि दंगल माजली. माझा नवरा आणि थोरले दीर जीव वाचवायला निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडं गेले. घरात राहिलो आम्ही दोघी जावा, अक्काची चार पोरं आणि माझी दोन वर्षांची नीला. बाजार बंद, गाड्या बंद, मीठ नाही, रॉकेल नाही. कणगीतली ज्वारी अक्का मापानं नव्हे, चिमटीनं काढायची. माझ्या वाट्याची भाकरी एवढी पातळ, की तिच्यातून गोठ्यातली म्हैस दिसावी. नीला आधी दिवसभर रडायची. मग चिंचोके चोखत कोपऱ्यात बसायची. मग एक दिवस तिनं चिंचोकाही टाकून दिला आणि रडायचीच थांबली... तेव्हा मी घाबरले.

“अक्का, पेव उघडा.”

“न्हाय.”

“लेकरू वाळून चाललंय माझं.”

“आन् माझी काय फुगून चाललीत? भूक लागली म्हणून पेव उघडत न्हाईत, शांते. एकदा वारं लागलं की समदी ज्वारी भाईर काढावी लागती, मग कीड पडती. ह्ये अजून किती दिस चालायचं, तुला ठावं हाय?”

“मग पोरीच्या तेराव्याला उघडणार व्हय?”

“सुम्मनिरु!” ती ओरडली. चिडली की ती कानडीत शिरायची, आणि गप्प बस एवढंच तिला त्या भाषेत बोलायला आवडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धुणं घेऊन ओढ्याला गेली. मी म्हैस बाहेर ओढली, गव्हाण उलथली, माती उकरली. ती शिळा सरकवायला एरवी चार गडी लागायचे. मी एकटीनं पहारीनं सरकवली. राग असला की गडी लागत नाहीत. आतून आंबूस, गरम वाफ आली. रीत अशी, की आत कोंडलेली वाईट हवा जायला पेव उघडून रात्रभर तसंच ठेवायचं, मग आत कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. मला रात्रभर थांबायला सवड नव्हती. मी लगेच कंदील सोडला. तो विझला. मी म्हटलं, विझणारच! ही चेंगट बाई कंदिलात तेल घालते ते थेंब मोजून. तिला सात शिव्या दिल्या आणि उतरले.

पेव अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. गुडघाभर ज्वारीत उभी राहून मी एक ओटी भरली, आणि मग मला कशाचीच घाई राहिली नाही. पाय मऊ झाले. वाटलं, जरा इथंच बसावं... तेवढ्यात कुणी तरी माझा अंबाडा धरून मला मुळासकट उपटलं. बाहेर म्हैस सुटलेली बघून अक्का पळत आली होती. पेवाच्या तोंडावर पालथी पडून तिनं मला केसांनी वर ओढलं, आणि मी शुद्धीवर आल्याची खातरजमा केली ती दोन मुस्काटात देऊन.

दुसऱ्या दिवशी कंदील जळत राहिला, तेव्हा ती स्वतः उतरली. सगळी ज्वारी काढली, ऊन दाखवलं, राख घालून रांजणांत भरली. दंगल निवेपर्यंत ती पुरली. नीला जगली. अक्का तिला भाकरी द्यायची ती माझ्याकडं पाठ करून.

पुढं दोघे भाऊ परत आले. अंगणात सगळे बसले होते. म्हटलं, आता चारचौघांत हिच्या तोंडून दोन गोड शब्द काढावेत. विचारलं, “अक्का, त्या दिवशी मला वर का काढलंत?”

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“ज्वारीत मढं पडलं असतं. मग ती कुणी खाल्ली असती?”