दोरांच्या दुकानात कुत्र्यांचं ॲप

दोरांच्या दुकानात जसे दोराचे तुकडे साठतात, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. फेकवत नाहीत, आणि कधी कुणाच्या कामी येतील सांगता येत नाही. चहाला टेकलेला माणूस सहज विचारतो, "काय भाऊसाहेब, सूनबाईंच्या कुत्र्यांचं कसं काय?" की त्याचा चहा थंड झालाच म्हणून समजा.

कुणी नवीन असेल तर थोडक्यात सांगतो. इंदूरच्या मल्हारगंजात माझं दुकान आहे. दोर, साखळ्या, गुरांची घुंगरं आणि आताशा कुत्र्यांचे पट्टे. शाळा दहावीला सुटली, पुढचं सगळं गल्ल्यावर शिकलो. सून मृण्मयी नाशिकची. इथल्या एका कंपनीत मोबाइलची ॲप्स डिझाइन करायची. ते सोडून तिनं आमच्या माळ्यावर टेबल मांडलं. ज्यांना वेळ नाही त्यांचा कुत्रा फिरवायला भरवशाचा माणूस पाठवायचा, असं ॲप. जुन्या साहेबांनी तिची जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. तिनं स्वतःच ठरवलं, तोवर एक तरी मोठी टाउनशिप मिळाली तर ठीक, नाहीतर ॲप बंद आणि परत नोकरी. मी वरून म्हटलं, बरं. आतून म्हटलं, बघतोच कशी मिळत नाही ते.

*

पहिला फिरवणारा आमचा दीपक. हा वरातीत नवरदेवाची घोडी धरायचा. लग्नसराई सरली की रिकामा. जनावर त्याचं ऐकतं, म्हणून मीच त्याला आणला.

ॲपमध्ये मालकाला नकाशावर दिसतं, आपला कुत्रा आत्ता कुठे आहे. पहिल्याच आठवड्यात फोन सुरू झाले. तासभर झाला तरी कुत्रा दीड गल्लीच चाललाय! मृण्मयी कोड तपासत बसली. जीपीएस चुकतंय म्हणे. मी म्हटलं, माल खराब आहे म्हणायच्या आधी गाडीवाल्याला बघून घे.

गेलो दोघं स्कूटरवर मागे मागे. दीपक चार पावलं चालायचा आणि थांबायचा. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबायचा. पट्ट्यातला लॅब्राडोरही मोठ्या शिस्तीत थांबून दोन्हीकडे बघायचा.

विचारलं, तर दीपक बिचारा गोंधळला. म्हणाला, "भिया, पीछे वालों को नाचने का टाइम तो देना पड़ता है ना."

*

दीपक सुधारला, तर नकाशा भलतंच दाखवायला लागला. सकाळचे सगळे रस्ते, निघोत कुठूनही, एकाच चौकात येऊन मिळायचे. त्या चौकात पोहे-जिलबीची गाडी. इंदुरी माणूस सकाळी घराबाहेर पडला आणि पोहे न खाता परतला, असं झालंय कधी?

मृण्मयी तापली. "बाबा, मी वॉकिंगचं ॲप केलंय, नाश्त्याचं नाही." सगळ्यांना ताकीद मिळाली. माणसं सरळ झाली, कुत्रे होईनात. चौक आला की बसकण मारायचे. एका बाईंनी तर लिहिलं की आमचा बादशाह हल्ली फिरून आल्यावर भिंतीकडे तोंड करून बसतो.

शेवटी तिनं ॲपमध्ये अधिकृत थांबा टाकला. पाच मिनिटं, माणसानं पोहे खावेत, कुत्र्यानं वास घ्यावा, शेव कुणी टाकायची नाही. खुणेला बशीचं छोटं चित्र. नाशिकची मुलगी त्या दिवशी इंदूरची झाली असं मी म्हणतो. ती म्हणते, ही फक्त युजरची गरज होती.

*

आपल्या शहराला स्वच्छतेचा केवढा अभिमान! म्हणून नियम केला. कुत्र्यानं रस्त्यात घाण केली तर तिथल्या तिथे उचलायची आणि उचलण्याआधीचा, उचलल्यानंतरचा असे दोन फोटो मालकाला पाठवायचे.

एका वकीलसाहेबांकडे मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. वकीलसाहेबांनी मुलीचे फोटो बघायला म्हणून फोन मुलाच्या आईच्या हातात दिला. नेमके तेव्हा आमचे दोन्ही फोटो तिथं पोचले. आधीचा आणि नंतरचा.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मृण्मयीला धीर होईना, म्हणून मी घेतला. पाऊण तास त्यांनी कलमांसकट ऐकवलं. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी हळूच विचारलं, "साहेब, सोयरिकीचं काय झालं?"

"जमली," ते म्हणाले. "विहीणबाई म्हणाल्या, घरातली माणसं टापटिपीची दिसतात."

दुसऱ्या दिवसापासून फोटो गेले. आता फक्त हिरवी खूण येते.

*

मग निघाला रेटिंगचा प्रश्न. सगळ्या ॲप्समध्ये असतात तसे हिनंही पाच तारे ठेवले होते. मी विचारलं, हे तारे देणार कोण? मालक. त्यानं फिरवताना बघितलंय का? नाही. मग त्याला काय विचारतेस? आयुष्यभर मी बैलांचे दोर विकलेत. शेतकरी भाव करतो दोर बघून, पण पुन्हा माझ्याकडे येतो तो बैलाची मान बघून.

ती जिना चढून गेली. सकाळी बघतो तर तारे गायब. त्या जागी दोन चित्रं आणि एक प्रश्न: 'फिरवणारा आला तेव्हा कुत्रा कुठे गेला?' एका चित्रात दार, दुसऱ्यात पलंग.

तिच्या जुन्या साहेबांनी हे पाहिलं आणि विचारलं, कन्सल्टंट कोण घेतलाय? ती म्हणाली, "मल्हारगंजातले आहेत. बैलांकडचा अनुभव दांडगा."

हे वाक्य मी दुकानात किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. मात्र एकदा हौसेनं मीच पट्टा घेऊन एका घरी गेलो होतो. ॲपमधलं पहिलं 'पलंगाखाली' कुणाच्या नावावर आहे, ते विचारू नका.

*

दिवाळी तोंडावर आली तरी टाउनशिप काही मिळाली नव्हती. जुन्या कंपनीचा फोन येऊन गेला होता. शेवटची आशा भंवरकुआंच्या पुढची एक मोठी टाउनशिप. कमिटीचे अध्यक्ष देवधर, निवृत्त इंजिनिअर. त्यांची सही झाली की तिथले सगळे कुत्रे आमचे. मृण्मयीनं मलाही बरोबर नेलं, माझे केस पिकलेत म्हणून.

देवधरांनी सगळं नीट बघितलं आणि फोन बाजूला ठेवला. म्हणाले, डिझाइन उत्तम आहे, पण आमच्या इथे गरज नाही. कुत्रा पाळलाय ना, मग घरच्यानं फिरवावा. "आमच्या हिला बघा. या वयात रोज सकाळी दीड तास मोतीला फिरवते. एक दिवस खाडा नाही."

ही म्हणजे काकू. चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. मी त्यांना बघितलं आणि लगेच ओळखलं, या तर आपल्याच गिऱ्हाईक. दोन महिने मोतीला दीपक फिरवत होता! काकू बाहेरच्या बागेत पट्टा त्याच्या हाती द्यायच्या, भंवरकुआंच्या एका क्लासात कॉलेजच्या पोरांमध्ये बसून जर्मन शिकायच्या आणि येताना मोतीला घेऊन घरी. घरी कळू नये एवढीच त्यांची अट होती.

एक वाक्य बोललो असतो तर सौदा तिथंच झाला असता. मी तोंड उघडलं. मृण्मयीनं पाण्याचा ग्लास माझ्यासमोर धरला. "बाबा, पाणी घ्या."

मग ती देवधरांकडे वळली. चेहरा एकदम साधा. "बरोबर आहे काका. काकूंसारखं सगळ्यांना कुठे जमतं? म्हणून तर ॲप केलं."

काकूंनी ट्रे टीपॉयवर ठेवला, नवऱ्याच्या खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि त्याच्या हातात दिला.

"करा सही," त्या म्हणाल्या.

"अगं, पण तुला काय गरज?"

"मला नाही हो. इतरांचा विचार करावा माणसानं."

सही झाली. खाली येऊन मी स्कूटरला किल्ली लावतोय, तेवढ्यात मृण्मयीचा फोन टिंग वाजला. तिनं बघितलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली.

नवीन बुकिंग. मोती. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा.