डॅशबोर्डवरची देवी

आम्हाला गाडी हवी होती ती आबांना आडवं झोपवून नेता यावं म्हणून. आबा म्हणजे माझे आजोबा. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बहुतेक शब्दही गेले होते. पाणी, नको, बस असे थोडे उरले होते. त्यातलाच एक शब्द 'बाई'. बाई म्हणजे देगलूरजवळच्या गावात राहणारी त्यांची धाकटी बहीण. तीही अंथरुणाला खिळलेली. तिचा नातू तिकडे फोन तिच्या कानाशी धरायचा, मी इकडे आबांच्या. दोघंही बोलायचे नाहीत. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मग आबा डावा हात उचलून दाराकडे दाखवायचे आणि म्हणायचे, "बाई."

आई दवाखान्यात नर्स होती. ती म्हणाली, बसवून नेलं तर झोपून झोपून पाठीला झालेल्या जखमा उघडतील, झोपवून नेलं तर जमेल. अँब्युलन्सचं नाव काढलं की आबा तोंड भिंतीकडे वळवायचे. भाड्याच्या गाडीवाल्यांना आजारी माणूस आणि त्याची गादी नको होती. सात सीटच्या गाडीच्या मागच्या दोन रांगा पाडल्या की माणूस झोपेल एवढी सपाट जागा होते, हे पप्पांनी ऑफिसातल्या कुणाच्या तरी गाडीत पाहिलं होतं. नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती.

ते राज्य दोन होण्याचं वर्ष होतं. हैदराबादेत सुलतान बाजारातल्या पाट्यांवरची खालची ओळ, जिथं राज्याचं नाव असतं, ती खरवडून तिथं नवं नाव रंगवलं जात होतं. सरकारी नोकरांची वाटणी चालली होती. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, याशिवाय लोकांना दुसरा विषय नव्हता. पप्पांना ऑफिसात दोन्हीकडचे लोक विचारायचे, "तुम किधर के?" पप्पा घरी येऊन सांगायचे आणि हसायचे, "आपन कुनाच्याच वाटणीत नाही." आबांची तर ही दुसरी वाटणी. ते पोटासाठी हैदराबादला आले तेव्हा त्यांचं गावही याच राज्यात होतं. मग मराठवाडा वेगळा झाला आणि बहीण सीमेपलीकडे राहिली.

वाटणीमुळे एक झालं. तिकडे जाणारे लोक इथलं सामान विकायला लागले. विद्यानगरच्या गल्ल्यांत फाटकाफाटकावर कागद चिकटवलेले असायचे: फ्रिज, कपाट, गाडी. असाच एक कागद वाचून पप्पा मला घेऊन एका घरी गेले. पप्पांची भाषा मराठी आणि दखनी. तेलुगू त्यांना समजायची, पण बोलताना ते अडखळायचे. मी इंग्रजी शाळेतली, दुसरी भाषा तेलुगू घेतलेली. परक्या माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, तरी वाटेत पप्पा म्हणाले, "तू बोल. नीट बोल. लाजू नक्को."

घराचे मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गल्लीतले सगळे त्यांना नुसतं 'सार' म्हणत. मुलाची नोकरी तिकडच्या राज्यात गेली म्हणून सगळं घरच निघालं होतं. गाडी खरंच चांगली होती. पप्पांनी मागच्या रांगा पाडून पाहिल्या आणि तळहातानं ती सपाट जागा दाबली, गादी घेताना दाबतात तशी.

गाडीत एक वास होता, कापूर आणि शिळी फुलं यांचा. डॅशबोर्डच्या मधोमध एक छोटी पितळी देवी चिकटवलेली होती, तिला लाल कापड गुंडाळलेलं.

सार मला तेलुगूत म्हणाले, "तुम्ही मराठी ना? मग मला चिंता नाही. आमच्या ऑफिसात मराठी लोक होते. जुनी घराणी, वकील, मास्तर. लसूणसुद्धा खायचे नाहीत. या गाडीत आजपर्यंत अंडंही आलेलं नाही. कुणाच्या हाती जाते ते बघूनच देणार आहे मी."

मी पप्पांना सगळं मराठीत सांगितलं, काही गाळलं नाही. आम्ही बौद्ध. रविवारी आमच्याकडे मटण शिजतं. पप्पांनी सारांकडे पाहिलं, मग पाडलेल्या सीटकडे.

"हौ सार," ते म्हणाले.

मग सारांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांनी देवीकडे बोट दाखवलं. "ही माझ्या सासूबाईंनी बसवलेली. हिच्यामुळं गाडीला कधी ओरखडा आला नाही. हिला हलवू नका."

"हौ अम्मा," पप्पा म्हणाले. माझ्या मदतीची गरज त्यांना पडली नाही.

गाडी आणायला गेलो तेव्हा आईही होती. पैसे दिले गेले, पण सह्या राहिल्या. सारांनी गाडीसाठी घेतलेलं कर्ज फिटलं होतं, त्याचा दाखला यायचा होता. ते म्हणाले, आम्ही सामान घेऊन विजयवाड्याला चाललो, पुढच्या रविवारी दाखला घेऊन येतो, तुमच्या घरी बसून सह्या करतो, तोवर गाडी वापरा. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली गेली. नारळ फुटला, पुढच्या काचेवर कुंकवाच्या रेघा ओढल्या गेल्या. सारांच्या पत्नी हळदीकुंकवाची वाटी घेऊन आईपुढे आल्या आणि तिचं कपाळ बघून थबकल्या.

"कुंकू लावलं नाही?"

आईला तेवढी तेलुगू कळली. "ड्युटीवरून आले," ती म्हणाली.

त्यांनी आपल्या बोटानं तिला कुंकू लावलं. आईनं मान खाली घातली. लग्नातसुद्धा आईनं कुंकू लावून घेतलं नव्हतं, हे आजीनं मला सांगितलं होतं. पप्पांनी लिंबांवरून गाडी काढली, लिंबं फुटल्याचा आवाज आला. गल्लीचं वळण येईपर्यंत आई सरळ बसून होती. मग तिनं पदरानं कपाळ पुसलं. ते जाईना, पसरलं.

"गाडी घेतली का सोयरीक केली?" ती म्हणाली.

"सह्या होऊ दे."

"आणि तोवर ही बया?"

"रविवारपर्यंत. एक रविवार गं."

"आबांना काय सांगणार?"

पप्पांनी गिअर बदलला.

आमचा बेत दुसऱ्याच दिवशी निघायचा होता. देगलूरहून फोनवर फोन येत होते, बाईंनी खाणं सोडलं होतं. सकाळी मागे गादी घातली, तिच्यावर रबरी कापड, उशा. पप्पांनी देवीवर स्वतःचा हातरुमाल टाकला. शेजारच्या दोघांनी आबांना चादरीत घेऊन खाली आणलं. कित्येक दिवसांनी त्यांची दाढी केली होती, अंगात पांढरा सदरा. ते हसत होते, अर्ध्या तोंडानं.

त्यांना मागून आत सरकवताना गाडी हलली आणि रुमाल घसरला.

आबांची मान उशीवर होती, तोंड पुढे. त्यांनी पाहिलं. आधी देवीकडे, मग काचेवर ओढलेल्या कुंकवाच्या रेघांकडे. हसू जायला थोडा वेळ लागला.

"काढ," ते म्हणाले.

इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून त्या वर्षात मी ऐकला नव्हता.

पप्पा वाकून म्हणाले, "आबा, त्या मानसाच्या सह्या व्हायच्यात. त्यानं बघितलं तर घोळ होईल. गाडी बी जाईल, पैसे बी अडकतील. रविवारी काढतो. आज चला. बाई वाट बघतीया."

"काढ."

"आबा, मी झाकतो ना."

आबांनी डाव्या हातानं दाराची कड धरली आणि स्वतःला बाहेर ओढायला लागले. पाय हलत नव्हते. चादर गोळा झाली, सदरा वर गेला, जखमेवरची पट्टी दिसायला लागली. आई ओरडली, "अहो, उतरवा त्यांना! पडतील!"

त्यांना परत वर नेलं.

आबा का ऐकेनात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. धम्म घेतला तेव्हा ते विशीतले होते, हैदराबादहून गावी गेलेले. आपल्या आईचे देव त्यांनी फडक्यात बांधले आणि नदीत सोडायला निघाले. घरातली मोठी माणसं दाराआड बसून राहिली. सोबत एकटी बाई गेली, लहान होती तरी. गाठोडं जड होतं म्हणून दुसरं टोक तिनं धरलं होतं. ही गोष्ट आबांनी मला इतक्या वेळा सांगितली होती की नदीकाठचा चिखलही मला पाठ होता. त्या बहिणीच्या दारात ते देवीमागं झोपून जाणार नव्हते.

संध्याकाळी आई पप्पांना म्हणाली, "काढून टाका ती. म्हातारा झुरतोय."

"आन् त्यानं सही नाही केली तर? त्याच्या नावाची गाडी, त्याच्या राज्यात गेलेला मानूस. कुठं धुंडू त्याला? त्याला वाटतंय आपन कोन आहोत ते तुला ठाऊक आहे ना?"

"त्याला वाटतंय. तुम्ही वाटू दिलं."

"गाडी कुनासाठी घेतली?"

आबा आतल्या खोलीत जागे होते. त्या आठवड्यात मी फोन त्यांच्या कानाशी धरला की ते मान फिरवायचे. बाईचा श्वास मीच ऐकायचे. तो आखूड होत चालला होता. रविवार यायचा होता.

गुरुवारी पहाटे तिच्या नातवाचा फोन आला. बाई गेली.

पप्पा स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन खाली गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी उलथन्याची कड देवीखाली घातली आणि दाबली. कट्ट असा आवाज झाला आणि ती निघाली. एवढंच. चहाला उकळी यायलाही जास्त वेळ लागतो. पप्पा तिला हातात धरून बसून राहिले. मग लाल कापडासकट रुमालात बांधून त्यांनी ती समोरच्या कप्प्यात ठेवली. डॅशबोर्डवर पिवळट डिंकाचा गोल उरला.

आबांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आईनं पांढरी साडी नेसलेली त्यांनी पाहिली. या वेळी ते मुकाट्यानं गाडीत आले. वाटेत संगारेड्डीच्या पुढं आईनं त्यांना पाणी पाजलं, ते कडेनं ओघळलं. पप्पांना गाडीची सवय नव्हती. खड्डा आला की ते 'आबा' म्हणायचे, जणू माफी मागत होते. आबा छताकडे बघत होते.

गावात बाईंच्या घराची बोळ अरुंद होती. गाडी आत जाईना, आणि उन्हात आबांना उचलून नेऊ नका, असं आई म्हणाली. मग लोकांनी तिरडीच बाहेर आणली. पप्पांनी गाडीचं मागचं दार वर उचललं. चौघांनी तिरडी खांद्यावरून उतरवून कमरेच्या उंचीवर धरली, म्हणजे गादी आणि तिरडी एका पातळीला आली. दोघं शेजारी शेजारी निजलेली. आईनं आबांना कुशीवर वळवलं. त्यांनी डावा हात तिच्या हातावर ठेवला. तिची मूठ अर्धवट मिटलेली होती, त्यांनी बोट त्या मुठीत घालायचा प्रयत्न केला. ते गेलं नाही. तिरडी धरलेल्यांचे हात थरथरायला लागले होते. कुणीतरी हलकेच म्हणालं, "चला आता." तेव्हा आबांनी आपण होऊन हात काढून घेतला.

'बाई' हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

रविवारी सार आमच्या घरी आले, एकटेच. आमच्या बैठकीत बुद्धाची तसबीर आहे, शेजारी बाबासाहेबांची. पाहुणा दारातून आत आला की पहिल्यांदा तीच दिसते. मला वाटलं होतं पप्पा ती उतरवून ठेवतील. त्यांनी उलट ती पुसली होती. सारांनी तिच्याकडे पाहिलं आणि खुर्चीच्या कडेवर बसले. आईनं पाणी आणि चहा आणला. त्यांनी पिशवीतून दाखला काढला, चष्मा लावला, जिथं जिथं सही हवी तिथं केली. अक्षर सुरेख होतं. कागद पप्पांच्या हातात आले तेव्हा पप्पा मला म्हणाले, "सांग त्यांना. आपन बौद्ध आहोत. देवी काढावी लागली. ही घ्या म्हन." आणि रुमालाचं बोचकं त्यांनी पुढं केलं.

मी सांगितलं. शाळेत शिकलेल्या तेलुगूत, शुद्ध आणि कोरडं.

सारांनी बोचकं उघडलं, देवी डोळ्यांना लावली, परत बांधली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "परवालेदु." काही हरकत नाही. आणि थोड्या वेळानं, "आधी सांगायचं होतं ना बाळ. आमच्या आईची आठवण ही. मी तेव्हाच काढून नेली असती."

हेही मी पप्पांना सांगितलं. काही गाळलं नाही.

त्यांना सोडायला पप्पा फाटकापर्यंत गेले. चहा तसाच होता, साय धरलेला. पाण्याचा पेलाही भरलेला. आईनं दोन्ही उचललं, मोरीत ओतलं आणि कप घासायला घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ती तो घासत राहिली.

पप्पा आत आले, कागदांवरच्या सह्या पुन्हा बघितल्या आणि मला विचारलं, "आधी सांगितलं असतं तर दिली असती का गं त्यानं?"

तेलुगू मला येत होती. सारांचा आवाज, त्यांनी घेतलेला थोडा वेळ, सगळं मी ऐकलं होतं. तरी मला सांगता येईना. आतून आबांचा खोकला आला, तशी आई पाणी घेऊन गेली. पप्पा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.