वहिनींचा आठवडा

वहिनींची आणि माझी पहिली भेट म्हणजे सरळसरळ सैन्यभरती होती. बऱ्याच वर्षांनी गाठ पडलेल्या माझ्या बालमित्राने नवं घर घेतलं म्हणून मी बिस्किटांचा पुडा घेऊन गेलो होतो. दार उघडलं ते एका बेताच्या उंचीच्या बाईंनी, पण मला त्या दोन मजले वरून माझ्याकडे बघताहेत असंच वाटलं. कानामागे खडू अडकवलेला. बिस्किटांकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी विचारलं, "सायकल चालवता येते?"

"येते."

"मंगळवारी संध्याकाळी मोकळे आहात?"

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत. मारताना कधी अडखळलोही नाही. पण त्या आवाजापुढे थाप घशातच बसली. "आहे," म्हणालो.

"मग थोरल्याचा चष्मा दुकानातून आणायचा. या, बसा."

खऱ्या सैन्यात निदान वजन-उंची बघतात. इथे मी बसायच्या आधी कामाला लागलो होतो आणि पाणी त्यानंतर आलं. त्या दिवसापासून मी त्या घराचा भाऊजी झालो तो झालोच.

वहिनी बस डेपोत होत्या. कुठली बस कुणी चालवायची, कुठला ड्रायव्हर आजारी, कुणाची सुट्टी, याची जुळवाजुळव हे त्यांचं काम. दोनशे माणसं आणि त्यांच्या दोनशे सबबी त्या रोज हाताळत. "माझ्या मेव्हणीचं लग्न आहे" म्हणणाऱ्या ड्रायव्हरला "हे तिचं तिसरं," असं त्या मान वर न करता सांगत. अशा बाईला घरात चार माणसं म्हणजे किस झाड की पत्ती. नवरा, म्हणजे माझा मित्र, रुग्णालयात एक्स-रे काढायचा. लोकांच्या पोटातलं सगळं त्याला दिसे, स्वतःच्या खाटेखालचे मोजे मात्र दिसत नसत. त्याची पाळी दर आठवड्याला बदले. थोरला मुलगा शिकवणी आणि टेबल टेनिस यांच्यामध्ये चेंडूसारखा फिरे. धाकटी मुलगी पोहायला जाई. आणि चौथे आजोबा, वहिनींचे सासरे.

रविवारी चहानंतर सभा भरे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. त्यावर आडव्या ओळीत माणसं, उभ्या ओळीत वार. दळण, दूध, दाताचा डॉक्टर, गणवेशाची इस्त्री, कोण कुणाला कुठून उचलणार, सगळं त्यात बसे. सभेला उशीर केला तर उरलेलं काम वाट्याला येई. माझा मित्र एकदा दाढी करत राहिला आणि आठवडाभर संडास घासत बसला.

"अगं, पण माझी रात्रपाळी आहे," तो म्हणाला होता.

"संडासाला दिवस-रात्र कळत नाही," वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या वाराकडे वळल्या.

फळ्याच्या अगदी खालच्या ओळीत एक शब्द कायमचा लिहिलेला असे: राखीव. ही डेपोतली पद्धत. रोज एक ड्रायव्हर टोपी घालून नुसता बसून असतो. कुणी आलं नाही, कुणाची गाडी बंद पडली, की तो उठतो. वहिनींच्या घरी राखीव होते आजोबा.

आजोबा निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. शहरात कुठे लिफ्ट अडकली की त्यांना बोलावत, आणि आत अडकलेली माणसं त्यांचा आवाज ऐकून रडायची थांबत, असं ते स्वतः सांगत. राखीव झाल्यापासून ते सकाळी बूट घालून, बॅटरी खिशात ठेवून दाराजवळच्या खुर्चीत बसत. फोन वाजला की अर्धे उठत. पण वहिनींची आखणी अशी चोख, की काही बिघडतच नसे. पाऊस पडला तर रेनकोट आधीच दप्तरात. शिकवणीचे मास्तर आजारी पडले तर वहिनींना ते मास्तरांच्या आधी कळलेलं. आजोबा संध्याकाळी बूट काढत आणि म्हणत, "आज पण सगळं ठीकच झालं," जणू घरात कुणी गेलंय अशा सुरात.

खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, बोलत कुणी नव्हतं. मागच्या हिवाळ्यात आजोबांना बसमध्ये झोप लागली आणि ते शेवटच्या थांब्यापलीकडे थेट डेपोत पोचले. कंडक्टरने त्यांना प्रवाशांनी विसरलेल्या वस्तूंच्या खोलीत आणलं. तिथे छत्र्या आणि डब्यांच्या शेजारी बाकावर सासरे बसलेले वहिनींना दिसले.  पुढच्याच रविवारी आजोबा राखीव झाले. "बाबा, सगळ्यात भरवशाच्या माणसालाच राखीव ठेवतात," असं त्यांनी सांगितलं, आणि आजोबांनी मान डोलावली.

मग एका रविवारी मी चहाला असताना आजोबा सभेत उभे राहिले. तिथे उभं कुणी राहत नसे.

"सूनबाई, मला एक वार पाहिजे."

"बाबा, तुम्ही राखीव आहात ना."

"तुझं काही बिघडत नाही, त्याला मी काय करू? जन्मभर लोकांचं बिघडलं म्हणून मी जेवलो. इथे तर उपाशीच राहायची वेळ आलीये."

मित्र हसला. वहिनी हसल्या नाहीत.

"मला झोप लागली होती," आजोबा शांतपणे म्हणाले. "अक्कल नव्हती गेली. तुला माझ्या हाती पोर द्यायची भीती वाटते, तर तसं सांग. फळ्यावर लिही हवं तर."

खोलीत कुणी कप उचलेना. धाकटी म्हणाली, "मला चालेल आजोबा." तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण त्या घरात न विचारता मत देणारी ती एकटीच होती.

वहिनी फळ्याकडे बघत राहिल्या. दोनशे ड्रायव्हरांना पाठवताना जो हात कधी थांबला नव्हता तो थांबला. मग त्यांनी बुधवारच्या पोहण्यापुढचं 'मी' पुसलं आणि 'बाबा' लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा लहान आलं.

मंगळवारी त्यांचा मला फोन. "भाऊजी, उद्या तलावाबाहेर बाकावर बसायचं. नुसतं बसायचं. त्यांना कळता कामा नये."

"म्हणजे मी राखीव?"

"राखीवाचा राखीव," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बुधवारी मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसलो. आजोबा वेळेच्या कितीतरी आधी येऊन फाटकाशी उभे होते, बूट चकचकीत, हातात टॉवेल घडी करून. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"सूनबाईने पाठवलं?"

"छे, मी सहज..."

"पेपर उलटा आहे. सरक जरा, मला पण बसू दे."

आम्ही बसलो. मी गप्पा मारायचा प्रयत्न केला, पण त्यांचं लक्ष दारावरून हलेना. एकेक पोर ओल्या केसांनी बाहेर येई आणि ते प्रत्येक वेळी अर्धे उठत. धाकटी आली तेव्हा मात्र पूर्ण उठले. तिचं डोकं त्यांनी इतकं खसाखसा पुसलं की ती ओरडली. मग तिचा हात धरून ते बस थांब्याकडे निघाले. "तू चालत ये," मला म्हणाले. "ही ड्यूटी माझी आहे."

ते बसमध्ये बसल्यावर मी मधल्या गल्ल्यांतून पळत, धापा टाकत घरी पोचलो तर वहिनी खिडकीत. त्या दिवशी त्यांच्यासमोर पूर्ण मोकळा तास होता आणि तो त्यांनी तीच भांडी दोनदा घासून घालवला होता.

"बसमध्ये बसताना बघितलंत?"

"बघितलं."

"खिडकीकडे की आतल्या बाजूला?"

मी उत्तर द्यायच्या आत दोघं दारात. ठरल्या वेळेपेक्षा आधीच.

"लवकर आलात," वहिनी म्हणाल्या. डेपोत लवकर येणं हीसुद्धा चूकच असते.

"रस्ता मोकळा होता," आजोबा म्हणाले. त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला, खुर्चीत बसले आणि बूट काढले. धाकटी आईला सांगत होती की आजोबांनी येताना सगळ्या थांब्यांची नावं मोठ्याने म्हटली, आणि ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं.

वहिनी आत गेल्या. रविवार यायला अजून अवकाश होता, तरी फळ्यावर पुढच्या बुधवारपुढे त्यांनी 'बाबा' लिहून टाकलं. या वेळी अक्षर नेहमीएवढं होतं.

दोन महिन्यांनी धाकटीने पोहणं सोडलं. कानात पाणी जातं म्हणाली. फळ्यावरच्या बुधवारचं 'बाबा' मात्र वहिनींनी पुसलं नाही.