राव सरांची बिनकारणाची फाईल

राव सर गेले त्या सकाळी मी त्यांचीच एक फाईल डिलीट केली होती.

आज वर्ष झालं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात तर नाहीच.

राव सर तंजावरकडचे मराठी. जन्म, शाळा, नोकरी सगळं तमिळनाडूत, पण घरात अजून जुनी, वळणदार मराठी. मी पुण्याहून चेन्नईला आले आणि गिंडीतल्या एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा तिथे मराठी कळणारे आम्ही दोघंच.

"बाई, तुझं मराठी बातम्या वाचल्यासारखं आहे," पहिल्याच दिवशी म्हणाले.

"आणि तुमचं बखर वाचल्यासारखं."

"सरी, बरें. मग दोघें इंग्लिशच बोलूं."

बोललो मात्र कायम मराठीच.

आम्ही बस कंडक्टरांची तिकीट मशीन बनवायचो. तिच्या आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि ती आपल्याला हवी तशी बांधून घ्यावी लागते, म्हणजे बिल्ड करावी लागते. काय चालू, काय बंद, हे कॉन्फिग फाईलमध्ये लिहायचं. आमच्याकडे तेव्हा हजारो ओळींची एकच फाईल होती आणि जो येईल तो तिच्यात हात घालायचा.

राव सरांनी ती फोडली. स्क्रीनची छोटी फाईल वेगळी, बॅटरीची वेगळी, सिमकार्डाची वेगळी. बिल्ड करताना सगळ्या आपोआप एकत्र होणार.

आणि प्रत्येक फाईलच्या डोक्यावर इंग्लिशमध्ये तीन ओळी. का? कोणी सांगितलं? कधी काढायची?

'का' रिकामं दिसलं की फाईल परत यायची.

"कारण नाहीं तर फाईल नाहीं, बाई."

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. मशीनचा प्रिंटर थोडा वेळ नुसता राहिला की झोपायचा, आणि पुन्हा उठायचाच नाही. त्याला झोपू न देणारं सेटिंग मी शोधून काढलं. पण घाईत ते बिल्डमधून तयार होणाऱ्या फाईलमध्येच बदललं. ती फाईल दर नव्या बिल्डला पुसली जाते. मला हे माहीत होतं. नंतर नीट जागी ठेवू म्हटलं.

विसरले.

नव्या बिल्डसह मशीन ट्रायलला गेल्या. चहाला थांबलेल्या बसमध्ये कंडक्टर परत चढला की तिकीटच निघेना.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे कोणाकडून राहिलं?

मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं.

"माय मिस्टेक," राव सर म्हणाले. "ईव्हनिंगपर्यंत होईल."

बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे बघूही शकत नव्हते.

"जेवलीस कां?"

"नाही."

"मग जेव जा आधीं. तें मी करतों."

मी नोकरीत पक्की झाले. सॉरी म्हणायचं राहिलं. जितकी वर्षं गेली, तितका तो विषय काढणं अवघड होत गेलं.

सर रिटायर झाले, अड्यारला मुलीकडे राहायला गेले. प्रोजेक्ट माझ्याकडे आला.

गेल्या वर्षी तो नव्या व्हर्जनवर न्यायचा होता, म्हणून मी फायली आवरायला काढल्या. त्यांत ही सापडली. आत एकच सेटिंग. नावावरून मला काही आठवलं नाही. 'का' रिकामं. 'कोणी सांगितलं' रिकामं.

आणि 'कधी काढायची' समोर, इंग्लिश अक्षरांत मराठी:

"काढूं नको. आधीं विचार."

मला हसूच आलं. सरांनी स्वतःचाच नियम मोडला होता. फोन करून चांगलं चिडवायचं ठरवलं.

सोमवारी राहिलं. मंगळवारी त्यांच्या मुलीचा मेसेज आला, अप्पांना बरं नाही, तुमची चौकशी करत होते. म्हटलं, उद्या निवांत बोलू. बुधवारी दिवसभर रिव्ह्यू.

गुरुवारी सकाळी वाटलं, कारण नाही तर फाईल नाही. त्यांचंच वाक्य. केली डिलीट.

अकरा वाजता ग्रुपवर मेसेज आला. राव सर नो मोर.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर टेस्टिंगचा सेंथिल मशीन घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, प्रिंटर तूंगिडुच्चु."

झोपला.

मी डिलीट केलेली फाईल परत काढून बघितली; आतलं सेटिंग माझंच होतं, प्रिंटरला झोपू न देणारं, सरांनी त्या संध्याकाळी नीट जागी ठेवलेलं.

'का' लिहिलं असतं तर ट्रायलची गोष्ट आली असती. 'कोणी' लिहिलं असतं तर माझं नाव आलं असतं. म्हणून दोन्ही रिकामं.

आणि बाकी सगळ्या फायली इंग्लिशमध्ये असताना ही एकच मराठीत. त्या ऑफिसात मराठी वाचणारी मी एकटी.

मलाच सांगून ठेवलं होतं त्यांनी. आधी विचार. मी विचारलं नाही.

फाईल त्याच दिवशी परत ठेवली. पण वरच्या दोन ओळी मीही वर्षभर रिकाम्याच ठेवल्या. आता टीम माझी आहे, नव्या मुलांना नियम मी शिकवते. धीर झाला नाही.

आज सकाळी भरल्या.

का: प्रिंटर झोपू नये म्हणून.

कोणी: मूळ चूक माझी होती, राव सरांनी ती स्वतःवर घेतली.

इंग्लिशमध्ये लिहिलं. सगळ्यांना वाचता यावं.

तिसऱ्या ओळीला हात लावला नाही.

सर, उशीर झाला. सॉरी.

तुमच्या बाईचा नमस्कार.