वळसंगच्या ताफ्याला फोन शिकवायला गेले

मॅनेजर न ठेवता कार्यक्रम कसे मिळवता, असं मला इथे बरेच जण विचारतात. मी गाते, आणि गेली काही वर्षं माझं सगळं दुकान फोनवर चालतं: तारखा, बुकिंग, गाण्यांचे तुकडे, सगळंच. त्यामुळे फोन वापरला की झालं, असं उत्तर मी मोठ्या तोऱ्यात देत असे. हाच तोरा घेऊन मी वळसंगला गेले.

सोलापूरजवळच्या वळसंगला मारुतीतात्या राहतात. त्यांचा सहा जणांचा हलगी-सनईचा ताफा आहे. सोलापूरच्या एका कार्यक्रमात ते माझ्यासोबत वाजवायला होते तेव्हाच म्हणाले होते, "ताई, आता पैल्यागत कोन बोलवंना. रीलवाल्या पोरांला बोलिवत्यात." मी तिथल्या तिथे शब्द दिला की लग्नसराईच्या आत तुमचा ताफा फोनवर आणते. त्यांनी मागितलेलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने पुण्याहून सोलापूर. उतरल्याबरोबर उन्हाने स्वागत केलं. स्टँडजवळ कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाऊन घ्या, स्वस्तात पोट भरतं. चटणी मात्र दही कालवल्याशिवाय तोंडात घालू नका. पुढे एसटीची वाट न बघता मी वडाप धरलं आणि पस्तावले. नऊ जणांच्या जीपमध्ये चौदावी मी.

"जरा सरका की!" ड्रायव्हर ओरडला.

"आता कुटं सरकू, टपावर?" माझ्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा पलीकडच्या बाईशी कानडीत बोलायला लागल्या.

तात्यांच्या घरी चहा झाला. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याला जागोजागी चौकोनी भोकं. घरात उंदीर दिसतात, असं मनाशी म्हणून मी कामाला लागले.

आधी व्हिडिओ. हलगी ऐन रंगात आली की फोनचा माईक फाटायचा. मी लांब जाऊन उभी राहीपर्यंत हलगी सैल होऊन उतरायची, मग पुन्हा जाळ करून ती शेकायची. असं अकरा वेळा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून फोनच्या नकाशावर ताफ्याचं पान उघडायला आमची वरात टाकीखाली. तिथे वर्णनावरून वाद.

"लिवा, सुपारी घेतली जाईल," तात्या म्हणाले.

"अहो तात्या, पुण्यातली माणसं पोलिसांना फोन करतील!"

"का? सुपारी घेतल्याबिगार वाजवायचं कसं?"

मी 'बुकिंग' लिहिलं. फोनमधलं कॅलेंडर उघडून तारखा विचारल्या, तर एकच उत्तर, "सुपारी आली की सांगतो की." माझं डोकं फिरायला लागलं होतं. मी कॅलेंडर कोरंच ठेवलं आणि व्हिडिओ त्यांच्या नंबरासकट माझ्या पानावरून सगळ्यांना पाठवला.

तासाभरात तात्यांच्या फोनवर बार्शीहून मेसेज! एका आडत व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न, वरातीला ताफा हवा. लगेच कळवा, नाहीतर दुसरा बघतो. तात्या फोन माझ्याकडे सोपवून म्हशीला पाणी पाजायला गेलेले. सहा माणसांचं सीझनमधलं पहिलं काम हातचं जाणार म्हणून मी कळवळले आणि त्यांच्या फोनवरून लिहून टाकलं: 'पक्कं. शब्द दिला.' मग घरी येऊन विजयी मुद्रेने त्यांना तारीख सांगितली.

तात्यांनी म्हैस दावणीला बांधली. आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात कागदात गुंडाळलेल्या सुपाऱ्या. एक पुडी सोडून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. कॅलेंडरचा कापलेला चौकोन होता तो, आणि त्यावर तीच तारीख.

"गावातल्या मास्तरच्या लेकीचं लगीन हाय. आलेली सुपारी त्या दिवसाच्या कागदात बांदून ठिवतो. भिताडाला भोक दिसलं की दिवस गेला."

म्हणजे सगळ्या तारखा माझ्या डोळ्यांसमोर टांगलेल्या होत्या आणि मी त्यांना उंदीर लावले होते. रागाने रडूच आलं मला. स्वतःचा राग, तात्यांचाही: एकदा सांगायला काय झालं होतं? मी पुन्हा टाकीखाली जाऊन बार्शीला फोन केला आणि माफी मागितली. व्यापारी वाट्टेल ते बोलला, आणि थोड्या वेळाने ताफ्याच्या पानावर पहिलावहिला अभिप्राय आला. एक तारा.

शनिवारी सकाळी तात्या इस्त्रीचा सदरा घालून तयार. मला वाटलं, मला सोडायला स्टँडवर येतायत. ते निघाले होते बार्शीला, मग मीही त्यांच्यासोबत. सोलापूरहून वैरागमार्गे एसटीने दोनेक तास लागतात. रस्ता बरा, सीट तेवढी बरी नाही. वैरागला उतरून त्यांनी तिथल्या एका ताफ्याला त्या तारखेला बार्शीत वाजवायला राजी केलं, आणि पुढच्या गाडीने आम्ही बाजारात व्यापाऱ्याच्या आडतीवर पोचलो.

तात्यांनी खिशातून सुपारी काढून त्याच्यापुढे धरली. "मालक, तुमची सुपारी परत घ्या."

"मी कुटं दिली व्हती?"

"तुमी दिली न्हाय. पर आमच्याकडनं घेतली गेली की."

 व्यापाऱ्याने सुपारी घेतली, वैरागच्या ताफ्याचं ऐकून घेतलं आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्याने स्वतःहून फोन माझ्याकडे सरकवला. "ते रागात लिवलेलं तुमीच काढा, मला जमत न्हाय." मी पुसणार, तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "काय लिवलंय? वाचा तरी."

"शब्द देऊन फिरवतात," मी कसंबसं वाचलं.

"खरं लिवलंय," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

मी समजावलं, चिडले, हात जोडले. लोक हे वाचूनच ठरवतात हो, तात्या! ते चहा पीत राहिले. व्यापाऱ्याने फोन खिशात ठेवला.

बार्शीहून पुण्याची थेट एसटी मिळते, रात्रीआधी घरी पोचता येतं. तात्यांचा फोन चालू आहे. कुणाचाही मेसेज आला तरी ते एकच आवाजी निरोप पाठवतात, "सुपारी घिऊन घरी या." दोघं खरोखर गेलेही म्हणे. कमाल आहे!

फोन वापरला की झालं, हे उत्तर मी आता कुणाला देत नाही. नकाशावरचं ते पान मात्र मी रोज उघडते. एक तारा, 'शब्द देऊन फिरवतात', आणि वर नाव तात्यांचं. माझं कुठेच नाही.