थोरली केलेली अक्का

आमच्या आत्यानं स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स भर चौकात विळ्यानं उभा फाडला होता. कराडजवळच्या आमच्या गावात माझ्या धाकट्या भावानं मोठ्या हौसेनं तो लावला होता. 'अक्कांना ८१ व्या वाढदिवसाच्या शुभेच्छा', आणि खाली आम्हा सगळ्यांचे हसरे फोटो.

"कुनाची एक्क्याऐंशी? तुज्या सासूची असतील!" एवढं बोलून अक्का म्हशीला वैरण कापायला गेली.

वयाचं नाव काढलं की ती पेटायची. डॉक्टरनं विचारलं तरी, "वय कशाला? वय दुखत न्हाई, गुडघा दुखतुय," म्हणून त्यालाच गप्प करायची. फौजेतला नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती माहेरीच राहिली. माझे वडील, तात्या, तिला अक्का म्हणत, म्हणून अख्खं गाव तिला अक्का म्हणे. वयाचा विषय निघाला की तात्या मात्र हळूच उठून बाहेर जायचे.

फ्लेक्स फाडल्यावर मी हट्टालाच पेटलो. आमच्या भावकीतली सगळ्यात म्हातारी भामाआजी कुंडलला दिलेली. तिला जाऊन विचारलं, अक्का खरी कितीची? ती बोळक्या तोंडानं हसली. "आरं, तुज्या बापानं तिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात. म्हनीतल्या न्हवं, खऱ्या. वाडगंभर!"

म्हणजे अक्का तात्यांहून धाकटी! भामाआजीनं पुढचंही सांगितलं. नवरा मुलगा फौजी, रजा संपायच्या आत लगीन उरकायचं होतं. नवरी लय बारकी दिसतीया, अशी त्यांच्याकडची कुरकुर सुरू झाली. तेव्हा माझ्या आजोबांनी सोळा वर्षांच्या तात्यांना पुढं ओढलं आणि छातीठोक सांगितलं, "ह्याची थोरली भन हाय ही." तात्यांना तिथंच तिला अक्का म्हणायला लावलं. पोरगी तेरा वर्षांची होती. तेरा! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

घरी येऊन मी अक्कासमोरच तात्यांना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "बानं शपथ घातली हुती."

"बा जाऊन किती वर्सं झाली?" अक्का कडाडली. "तुजं तोंड कुनी शिवलं हुतं? 'तू थोरली, तूच समजून घे,' म्हनून वाटनीत जमिनीच्या हक्कसोडीवर अंगठा घेतलास माजा. तवा तरी ठावं हुतं की न्हाई तुला, कोन थोरलं ते?"

तात्या तिच्या पायाशी वाकले. तिनं पाय मागं घेतले. "धाकटीच्या पाया पडू नगंस. एकदा नावानं हाक मार, बास."

तात्यांचे ओठ हलले. बराच वेळ हलले. शेवटी बाहेर आलं ते 'अक्का'च. ती आत गेली. जमिनीचं पुढं काय करायचं, हे मी तात्यांना चार वेळा विचारलं. दर वेळी ते म्हणाले, "बघू."

गेल्या माघात अक्का गेली. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायला निघालेल्या भावाच्या हातातून मी तो हिसकावून घेतला, कारण त्याच्यावर पुन्हा तेच खोटं वय होतं. तिरडी उचलली, तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले तात्या धडपडत पुढं आले आणि गाव ऐकेल अशा आवाजात ओरडले, "शेवंते! आगं शेवंते!"

बायका हुंदके देऊ लागल्या. मला मात्र त्यांचा खांदा धरून गदागदा हलवावासा वाटला. आता कुणाला हाक मारता?