बन्सीची काळी

बन्सीच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन भाजीवालीशी हुज्जत घालत होतो. "भाऊजी, या," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. रडल्या असत्या तर अजून काही धुगधुगी आहे असं वाटलं असतं. त्या रडल्या नाहीत म्हणूनच मी समजलो. जुडी परत ढिगावर टाकून वळलो तर भाजीवाली मागून म्हणाली, "घ्याची नव्हती तं हात कायले लावला बावा?" तिला काय माहीत... पण त्या दिवशी ते वाक्य मला जे लागलं ते अजून निघालेलं नाही. बन्सी गेला त्याला आता दीड महिना होत आला. लोक भेटले की म्हणतात, तुमचा जुना दोस्त, लिहा काहीतरी. मी लिहायला बसतो आणि उठतो. त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं तर खूप आहे, माझ्याबद्दल खरं लिहायचं तर एकच गोष्ट आहे, आणि ती टाळून बाकीचं लिहिणं म्हणजे निव्वळ लबाडी होईल.

बन्सी राठोड आणि मी चौथीपासून एका बाकावर. आमचं गाव आणि त्यांचा तांडा यांच्यामध्ये एक नाला, बस. मी कुणब्याच्या घरचा, तो गोर बंजारा. पुढे मी पोस्टात चिकटलो आणि त्याने दारव्ह्यात बसस्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. मी तापट, जगातलं सगळं मलाच कळतं असं समजणारा. तो थंड डोक्याचा. "वसंता, तू आधी बोलून मोकळा होतो, मंग इचार करतो," हे तो मला जन्मभर सांगत आला. त्याची बोटं मात्र बघत राहावीत अशी होती. बाजरीच्या दाण्याहून बारीक स्क्रू चिमट्यात धरून तो गप्पाही मारायचा, चहाही प्यायचा, आणि स्क्रू काही खाली पडायचा नाही. मेलेलं घड्याळसुद्धा बन्सीभाऊच्या हातात गेलं की उठून बसते, असं लोक म्हणायचे आणि तो मान खाली घालून हसायचा. गर्व असा त्याला कशाचाच नव्हता, फक्त हातांचा होता.

आमच्या लहानपणी गावाबाहेरून छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची आगगाडी जायची. गाडी इतकी निवांत की माणूस चालत्या डब्यातून उतरून लघवी उरकून पुन्हा चढायचा. बन्सी त्या गाडीपायी वेडा होता आणि त्याची याडी, म्हणजे आई, त्या गाडीचं तोंड पाहायला तयार नसे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. त्या फिरतीला ते लदेणी म्हणतात. आगगाडी आली आणि लदेणी बसली, बैल विकले गेले, माणसं शेतीला लागली. हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, सासरी ऐकलेलं होतं, पण राग असा की जणू कालच झालंय. पुढे छोटी लाइनही बंद पडली. रुळांवर गवत माजलं तेव्हा बन्सी महिनाभर कोणाशी धड बोलला नाही. मग एकदा नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने त्याला वीतभर लांबीचं, परदेशी बनावटीचं, बंद पडलेलं छोटं इंजिन दिलं, पार्ट काढून घ्या म्हणून. बन्सी कशाला पार्ट काढतो... चार महिने घासपूस करून त्याने ते चालतं केलं, त्याचं नाव काळी ठेवलं, मागे छोटे उघडे डबे जोडले, आणि घराच्या मागच्या खोलीत पलंगाएवढ्या प्लायवूडवर रूळ टाकले. एका टोकाला दारव्हा, दुसऱ्या टोकाला यवतमाळ, मध्ये सरकी काढलेल्या खऱ्या कापसाचे गठ्ठे. याडी तेव्हा होती. तिने दारात उभं राहून काळीचे चार फेरे पाहिले आणि गोरबोलीत काहीतरी पुटपुटली. मी विचारलं तेव्हा बन्सीने मराठी करून सांगितलं, "म्हणते, ज्यानं बैल खाल्ले त्यालेच पोरानं घरात बांधलं." मग ती म्हातारी स्वयंपाकघरात गेली, चिमूटभर खडे मीठ घेऊन आली आणि शेवटच्या उघड्या डब्यात टाकलं. त्या दिवसापासून बन्सी कधी 'गाडी चालवतो' म्हणाला नाही. "ये वसंता, लदेणी निघाली," असाच त्याचा फोन यायचा.

मी रोज संध्याकाळी जायचो आणि रोज टिंगल करायचो. साठी उलटली तरी खेळणी सुटत नाहीत का बे, असं म्हणायचो आणि तिथून तासभर हलायचोही नाही. त्या खेळण्याचं करणं काही सोपं नव्हतं. करंट रुळातून चाकात, चाकातून मोटरीत जातो, म्हणून चाकांवर जरा काजळी बसली की काळी अडखळायची. बन्सी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक चाक पुसायचा. फेरा चालू असताना प्लायवूडला कान लावून कोणता सांधा ढिला झालाय ते सांगायचा. काम झालं की वहिनींनी शिवलेल्या मऊ फ्लॅनेलच्या पिशवीत काळीला ठेवायचा. मला त्यातलं फक्त फडकं धरायचं काम. एकदा मी आपणहून पेचकस उचलला तर त्याने हळूच काढून घेतला. "तुह्या हाताले घाई हाय," म्हणाला. मी चिडलो, दोन दिवस गेलो नाही, तिसऱ्या दिवशी गेलो.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर त्याच्या दुखण्याचं निदान झालं आणि नागपूरला मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं, दोन-अडीच महिने तरी. जायच्या आदल्या दिवशी त्याने मला खोलीची किल्ली दिली. "रोज पाच मिनिटं चालवजो. उभी राह्यली की आखडते. अन् पंधरा दिवसांनी हे तेल, एकच थेंब, दातेरी चाकांवर." औषधाच्या छोट्या बाटलीत पातळ पांढरं तेल होतं, टोकाला सुई लावलेली. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा मला काळीला हात लावू दिला होता. मला आजाऱ्याची काळजी वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला आनंद झाला.

आणि पहिल्याच पंधरवड्यात माझ्या धक्क्याने ती बाटली सांडली. सगळं तेल प्लायवूडमध्ये मुरलं. नवं आणू म्हटलं, कोणतं आणायचं ते ठाऊक नव्हतं, फोन करून विचारलं तर सांडल्याचं कळणार. आमच्या घरी बायकोच्या शिलाई मशीनला, दाराच्या बिजागरीला, सायकलच्या चेनला जन्मभर खोबऱ्याचं तेलच पडत आलंय. तेच घातलं, एक नाही, चांगले चार थेंब. ते दिवस आश्विनातल्या उकाड्याचे. काळी अशी पळायला लागली की मी स्वतःवरच खूश झालो. बन्सीला फोनवर सांगितलं, तुह्यापेक्षा माह्या हातानं जास्त धावते. तिकडून तो हसला. दिवाळीनंतर तो परत येणार म्हटल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानातून मशीनचं पातळ तेल आणून ती बाटली अगदी होती तेवढी भरून ठेवली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तो आला तेव्हा निम्मा राहिला होता. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. दुपारनंतर ताप यायचा, म्हणून सकाळीच काय ते बसायचं. त्याच आठवड्यात एकदम थंडी पडलेली, खोली उत्तरेकडची, गारठलेली. त्याने काळी रुळावर ठेवली, बटण फिरवलं आणि ती नुसती गुणगुणली. हललीच नाही. चाकं पुसली, रूळ पुसले, तारा तपासल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तेल कोनतं टाकलं होतं?" मी म्हणालो, "तूच देल्लं ते." त्याने मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. घड्याळजी माणूस, पण माझ्या बोलण्यावर त्याने विश्वास ठेवला आणि तेलाचा विषय तिथेच संपवला. आता राहिलं खालचं झाकण उघडून मोटर पाहणं. झाकणाला एकच स्क्रू. तो स्क्रू त्याच्या बोटांना सापडेना. पेचकस खाचेत बसला की घसरायचा. मी म्हटलं, दे इकडे, तर काळी छातीशी धरली त्याने. "नाई. माहं काम हाय हे."

आठवडाभर हे चाललं होतं तेव्हा एका सकाळी मी आमच्या अंगणात दात घासत होतो. बायकोने रोजच्यासारखी खोबऱ्याच्या तेलाची बाटली उन्हात भिंतीवर ठेवली होती, वितळायला. आत पांढराशुभ्र गोळा. मी ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिलो... आपल्याकडे हिवाळ्यात हे तेल गोठतं हे शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि मला पोस्टातून निवृत्त होऊनही सुचलं नव्हतं. तोंड धुऊन तसाच बन्सीकडे निघालो, सांगायचंच म्हणून. काळी उन्हात ठेव, एवढंच म्हणायचं होतं, तीन शब्द. गेलो तर तो पलंगावर बसून आपल्या बोटांकडे पाहत होता. म्हणाला, "वसंता, काळीत काही बिघाड नाई. माहे हातच गेले." आणि मी मूग गिळून बसलो. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. सांगितलं असतं तर तेलही सांगावं लागलं असतं, सांडलेली बाटलीही, आणि तोंडावर केलेलं खोटंही. मरणाच्या दारातल्या माणसासमोर मला माझी लाज मोठी वाटली. एकूण अठरा सकाळी तो त्या स्क्रूशी झटला. एकोणिसाव्या दिवशी त्याने काळी पिशवीत घातली, पेचकसांची डबी बंद केली आणि वहिनींना म्हणाला, "वरतं ठेवून दे." त्यानंतर तो जेवणाबद्दलही फार बोलला नाही. लोकांना वाटतं दुखण्याने गेला. दुखण्यानेच गेला, पण जाताना तो कारागीर म्हणून हरून गेला, आणि ते दुखण्याने केलं नाही.

होळीच्या आधी ऊन तापायला लागलं. एके दुपारी वहिनींचा फोन. "भाऊजी, चालली." मला कळेना काय चालली. धावत गेलो. त्यांनी खोली झाडायला काढली होती, काळी पिशवीतून काढून रुळावर ठेवली, बटण फिरवलं, आणि काळी दारव्ह्याहून यवतमाळला, यवतमाळहून दारव्ह्याला फेऱ्या मारत होती, कधी काही झालंच नाही अशी. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. "हे तं चालते," त्या म्हणाल्या, "मंग त्यायच्या हातानं काहून चालली नाई?" त्यांना वाटत होतं, नवऱ्याने हात लावला की बंद, मेला की सुरू, हे काय अपशकुनी आहे. त्या घाबरल्या होत्या. तेव्हा मी सांगितलं. बाटली, खोबऱ्याचं तेल, अंगणातली सकाळ, सगळं. माझं बोलणं संपेपर्यंत काळी फिरतच होती.

वहिनींनी काळीचा आणखी एक फेरा पाहिला. मग म्हणाल्या, "मले सांगून काय होते आता? रोज तं येत होते तुम्ही." पुढे होऊन त्यांनी बटण बंद केलं, फळीवरून पेचकसांची डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "उघडा." मी म्हटलं, वहिनी, माझ्याने नाही होणार. "उघडा म्हनलं ना." मी काळी उलटी केली. स्क्रू फिरला. दोन मिनिटं लागली. आत दातेरी चाकांत पिवळट, खवट झालेलं तेल दिसत होतं. दुसरा काही म्हणजे काहीच बिघाड नव्हता. वहिनींनी ते डोळे भरून पाहिलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आयकलं का? हात बरोबर होते तुमचे."

आता दर रविवारी मी जातो. त्यांनीच तसं सांगितलं आहे. चाकं पुसतो, पाच मिनिटं लदेणी काढतो. तेलाची बाटली वहिनी स्वतःच्या हाताने देतात आणि थेंब पडेपर्यंत शेजारी उभ्या राहतात. नंतर चहा देतात, साखर बरोबर असते. माफ केलं असं त्या अजून म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलेलं नाही.